हे तिचं घोरणं नाही

एन्रिकेता सिंची जागेपणी घोरायची. कामावर, भर दुपारी, चारचौघांत, डोळे टक्क उघडे ठेवून. क्वेंका शहरातल्या आमच्या मुलांच्या इस्पितळात ती भूल विभागात मदतनीस होती. सिरिंजा भरून ठेवायच्या, मास्क धुवायचे, नळ्या लावायच्या आणि पोर झोपेपर्यंत त्याचा हात धरून बसायचं, हे तिचं काम. एकोणतीस वर्षं केलं तिने ते. त्याचं बक्षीस म्हणून इस्पितळाने तिला तळघरातल्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला बसवलं.

मी मार्गोत. कान-नाक-घशाची डॉक्टर. झोपेत ज्या मुलांचा श्वास अडतो, त्यांच्या घशात कॅमेऱ्याची बारीक नळी घालून नेमकं कुठे अडतंय ते मी बघते. जागेपणी बघून उपयोग नसतो, जागं पोर घसा सावरून धरतं. म्हणून त्याला औषध देऊन झोपवायचं, नाकातून नळी सरकवायची आणि बघायचं. सगळी मेख त्या औषधात आहे. पोर झोपलं पाहिजे, पण घरी झोपतं तसं. फार गुंगलं तर चांगला घसासुद्धा गळून पडतो, आणि मग जे दिसतं ते आजाराचं नसतं, औषधाचं असतं.

आमच्याकडे दोन औषधं होती. एक दुधासारखं पांढरं. दोन मिनिटांत पोर गार. तेही थेंबाथेंबाने, जपून दिलं तर चालतं, पण जपायला वेळ लागतो. दुसरं पाण्यासारखं स्वच्छ. ते हळूहळू चढतं, वीस-पंचवीस मिनिटं घेतं, पण त्यावरची झोप खऱ्या झोपेच्या बरीच जवळची. थिएटरात त्यांची नावं कुणी घेत नसे. ‘पांढरं’ आणि ‘पाणी’, एवढंच. पाणी अतिदक्षता विभागाच्या कपाटात कुलूपबंद असायचं. आणि भूल विभागाचे प्रमुख डॉ. मोस्कोसो यांना पांढरं आवडायचं, कारण त्यांना दिवसाला अकरा पोरं उरकायची असत. उरकायची. हा त्यांचाच शब्द.

आता एन्रिकेताचं घोरणं. तिचा नवरा माचालाच्या रस्त्यावर बस चालवायचा. एकदा मला म्हणाली, “वीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलं, डॉक्टर. कुठे जेवलाय, किती प्यायलाय, कुणाशी भांडलाय, सगळं मला नाकावरून कळायचं. तोंडाने कधी खरं बोलला नाही मेला.” नवरा गेला, कान राहिले. दुपारी वॉर्डातली पोरं जेवून लवंडली की ही डब्यातला उकडलेला मका घेऊन कुणाच्या तरी उशाशी बसायची. मका चावायचं थांबून ऐकायची. मग बाहेर व्हरांड्यात येऊन तेच घोरणं घशातून काढून बघायची. जमेपर्यंत काढायची. पोरं उठली की तिच्यामागे लागायची, “आता माझं काढा! आता त्याचं काढा!” आणि ती काढायची. अख्खा वॉर्ड लोळून लोळून हसायचा. एखादा बाप आपल्या पोराचं घोरणं तिच्या तोंडून ऐकून पांढराफटक पडायचा, कारण मध्येच श्वास थांबतो ती जागा ती अगदी हुबेहूब साधायची.

थिएटरात ती पोराच्या तोंडाशी कान न्यायची. ओळखीचं घोरणं आलं की माझ्याकडे बघून म्हणायची, “हं. आलं घरचं.” मग मी नळी घालायची. पहिल्या वर्षी मी तिच्यावर हसले. पाचव्या वर्षी तिच्या ‘हं’शिवाय मी हात लावत नव्हते. पण माझ्या एकाही अहवालात तिचं नाव नाही. एकाही नाही. अहवालात ‘हं’ लिहायची सोय नसते, असं मी स्वतःला समजावत असे.

तिची अजून एक गोष्ट होती. आमच्याकडे सकाळी घराघरांत काढा होतो. कॅमोमाइल, लेमन बाम, माठाचे तुरे, ज्याच्या परसात जे असेल ते. हा काढा खाण्यापिण्यात धरत नाहीत. तोंड धुतलं, काढा घेतला, दिवस सुरू झाला. डोंगरातल्या आयांना “पोराने काही खाल्लं-प्यायलं का?” असं विचारलं तर त्या देवाशपथ नाही म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही खोटं नसतं. एन्रिकेता असं विचारायचीच नाही. ती विचारायची, “आज कुठला काढा दिलास?” आणि आई पटापट सगळ्या पानामुळांची नावं सांगून मोकळी व्हायची. तपासणीआधीच्या कागदावर तिने हा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून घेतला होता. मोस्कोसोंनी नवा कागद छापला तेव्हा तो गाळला. “एकदा काढ्याचं विचारलं की या बायका अर्धा तास बोलतात,” असं म्हणाले.

त्या मार्चमध्ये बाल्बिना नाउला आपल्या तामियाला घेऊन आली. नाबोनच्या वरच्या डोंगरातली बाई, हातभर वेण्या, पाठीला शालीत बांधलेली सहा वर्षांची पोर. तामियाला डाउन सिंड्रोम होता. तिच्या टॉन्सिल आदल्या वर्षीच काढल्या होत्या, तरी झोपेत श्वास थांबायचा तो थांबायचाच. ओठ निळे व्हायचे. दिवसा पोर पेंगायची, पण जागी असली की कोंबड्यांना नावाने हाका मारायची आणि इस्पितळात कोंबड्या नाहीत म्हणून नर्सांनाच ती नावं द्यायची. मला तिने ‘पिंटी’ म्हटलं. पिंटी म्हणे अंडी देत नव्हती.

तपासणी मंगळवारी ठरली. अकरातलं सातवं पोर. एन्रिकेताला सकाळीच शेजारच्या थिएटरात पाठवलं होतं. तिच्या जागी आलेल्या कुणा नव्या मदतनीस पोराने छापील कागदावरून बाल्बिनाला विचारलं, “खाल्लं-प्यायलं?” ती म्हणाली, “नाही.” मोस्कोसोंनी पांढरं दिलं. अख्खी सिरिंज, एका दमात. मी नळी घातली.

पडद्यावर सगळं पडलेलं दिसलं. टाळूचा पडदा, दोन्ही बाजूच्या भिंती, जिभेचं मूळ, श्वासनळीवरचं झाकण, सगळं ओल्या फडक्यासारखं एकावर एक.

“बघा,” मोस्कोसो म्हणाले. “अशा पोरांचं सगळंच ढिलं असतं. कुठे कुठे शिवत बसणार? गळ्याला भोक पाडा, नळी बसवा, विषय संपला.”

तेवढ्यात एन्रिकेता शेजारून आली. हातमोजे काढता काढता तिने तामियाच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ वाकून राहिली.

“हे तिचं घोरणं नाही,” ती म्हणाली.

“सिंची,” मोस्कोसो मान वर न करता म्हणाले, “तुझ्या घशातली गाय बाहेर बांध आणि मग आत ये.”

तो नवा पोरगा फिसकन हसला. एन्रिकेताने माझ्याकडे बघितलं. तिचं ‘हं’ आलं नव्हतं हे मला माहीत होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, नव्हे, चांगली ओरडली होती. पण आठवं पोर दारात ट्रॉलीवर रडत होतं आणि मोस्कोसो घड्याळाकडे बघत होते. मी मूग गिळून अहवालात लिहिलं: ‘सर्व पातळ्यांवर पूर्ण पडझड.’ खाली सही केली. शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली.

गळ्यातली नळी म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगितलं तरी कळायचं नाही. ती दिवसातून कितीदा यंत्राने साफ करावी लागते. यंत्राला वीज लागते. बाल्बिनाच्या घरी जोराचा वारा आला की वीज जाते. घरात चूल, चुलीचा धूर छताला. नळी तुंबली तर जवळचा दवाखाना दीड तासावर, तोही बस असली तर. आणि नळी बसली की आवाज जातो. निदान काही वर्षं तरी जातो. कोंबड्यांना हाका मारायच्या कशाने? हे सगळं मला ठाऊक होतं. तरी सही केली.

तीन वाजता माझ्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं.

“डॉक्टर मार्गोत, पोरगी मेल्यासारखी पडली होती. मेलेल्याचा घसा बघून तुम्ही जित्या पोरीला भोक पाडणार?”

“एन्रिकेताबाई, जरा हळू बोला.”

“हळू? मी काय चोरी केलीये? काल दुपारी दीड तास बसलेय तिच्या उशाशी. मी सांगते तुम्हाला तिचं कसं आहे.” आणि ती माझ्या खुर्चीसमोर उभी राहून घोरली. आधी बारीक, मग चढत गेलेलं, मग झाकण बसावं तसं ‘गुळुक’. पुढे काहीच नाही. मी नकळत माझा श्वास धरला. मग तिने मान मागे टाकली आणि हवा खर्रकन आत ओढली. “एका जागी अडतंय. एका! मान टाकली की सुटतंय. सगळं ढिलं असतं तर मान टाकून सुटलं असतं का? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.”

मी खुर्ची मागे सारून उठले.

“चला,” ती म्हणाली. “तिच्या आईकडे चला. तो प्रश्न मी विचारते, जो त्या रेड्याने काढून टाकला.”

बाल्बिना वॉर्डात तामियाची वेणी घालत होती. एन्रिकेता तिच्या शेजारी पलंगावर टेकली, पोरीच्या केसांतला कंगवा हातात घेतला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, “पोरी, आज सकाळी कुठला काढा दिलास गं?”

“नेहमीचाच हो, ताई. लेमन बाम, कॅमोमाइल. आणि व्हालेरियानाची मुळी.”

“किती?”

“मूठभर उकळली. गेल्या वेळी सुई टोचताना किती रडली होती! बाजारातली काढेवाली म्हणाली, मूठभर घाल, पोर शांत राहील. राहिली की नाही शांत?”

“डॉक्टरांनी विचारलं नाही का तुला?”

“विचारलं की. काही खाल्लं-प्यायलं का म्हणून. म्हटलं, छे, उपाशी आहे पोर.” मग आमच्या तोंडाकडे बघून ती घाबरली. “का? काय झालं?”

“काही झालं नाही. तू ज्या मायेने दिलंस त्यात काही वाईट नाही,” एन्रिकेता म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता माझ्यासाठी बोलली, “झोपेची मुळी मूठभर, वर पांढरं एका दमात. आणि मग म्हणे सगळं ढिलं.”

मग बाल्बिनाने फोन काढला. तामियाचा बाप सेगुंदो न्यूयॉर्कला छपरं दुरुस्त करतो. चार वर्षांत पोरीला जवळ घेतलेलं नाही. त्याने बायकोला सांगून ठेवलेलं, पोर झोपली की फोन तिच्या नाकाशी धर आणि मला पाठव. कामावर जाताना तो ते ऐकायचा. त्याला वाटायचं, पोर गाढ झोपलीये, सुखात आहे. तिथून त्याला काय कळणार, की मधला थांबलेला भाग म्हणजे पोरीचा श्वास आहे. फोनमध्ये असे दीडेकशे निरोप होते. एन्रिकेताने फोन कानाला लावला आणि एकामागून एक ऐकत राहिली. सातव्या-आठव्याला ती सोबत घोरू लागली. चढतं, गुळुक, थांबा, मान, खर्र. दोन्ही आवाज एकातच मिसळले. तामिया टाळ्या पिटून म्हणाली, “मी! मी!”

बुधवारी सकाळी डॉक्टरांची बैठक. तिथे मदतनिसांना बसायचीसुद्धा मुभा नसते, कॉफी ठेवून जायचं. एन्रिकेताने कॉफी ठेवली आणि गेली नाही. मोस्कोसो तामियाचं प्रकरण सांगत होते. माझा अहवाल पडद्यावर होता, माझी सही हातभर मोठी दिसत होती.

“ही तपासणी चुकीची आहे,” एन्रिकेता भिंतीशी उभी राहून म्हणाली. “पोरगी घरी अशी घोरते.” आणि घोरली.

हसायला लागले सगळे. बालरोगवाले, छातीवाले, एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना तर ठसका लागला. ती थांबली नाही. “आणि मंगळवारी थिएटरात अशी होती.” या वेळी तिच्या तोंडून काहीच आलं नाही, नुसती छाती वरखाली. मग तिने बाल्बिनाचा फोन टेबलावर ठेवला आणि एक निरोप लावला. तेच. चढतं, गुळुक, थांबा. हसणं थांबलं. सगळ्यांना कळलं, की ही बाई नक्कल करत नव्हती, पुरावा देत होती.

मग तिने काढ्याचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. पोरीचा जीव होता त्यात.

मोस्कोसो मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुटका. “म्हणजे आईनेच पोरीला गुंगीचं घातलं,” ते म्हणाले. “मग दोष माझ्या औषधाचा कसा? उलट विचार करा, गळ्याला नळी बसवून पोर या बाईच्या हाती द्यायचं का? समाजसेवा विभागाला कळवा. ही आई लायक आहे का, ते आधी तपासू.”

दारात बाल्बिना उभी होती. फोन परत घ्यायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. ती मोस्कोसोंकडे बघत नव्हती, एन्रिकेताकडे बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्हाला आपलं समजून सांगितलं होतं मी.”

एन्रिकेताचा चेहरा काळवंडला. मग लाल झाला. मी तिला एकोणतीस वर्षांपैकी चौदा वर्षं ओळखत होते, पण असं कधी बघितलं नव्हतं.

“लायक? ही?” ती मोस्कोसोंवर चालून गेली. “अहो, कागदावर प्रश्न होता! माझ्या हातचा होता! तुम्ही काढलात तो. वेळ जातो म्हणून! तिला विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. ती डोंगरातून चार तास पोर पाठीला बांधून येते, तिला वेळ आहे. तुम्हाला नाही! आणि एका दमात सिरिंज कुणी ओतली? तिने? तुमच्या घाईचं खापर त्या बिचारीच्या डोक्यावर फोडता, लाज नाही वाटत?”

“सिंची, तू कुणाशी बोलतेयस?”

“डॉक्टरांशी बोलतेय असं समजत होते मी!”

बैठकीला बसलेल्या इस्पितळाच्या संचालकबाईंनी माझ्याकडे बघितलं. “मार्गोत, नळी तुमच्या हातात होती. तुमचं काय मत?”

तेव्हा मी उभं राहून बोलायला हवं होतं. मी बसूनच बोलले, खाली बघून बोलले. “तपासणी पुन्हा करावी. पाण्यावर. काढा न देता.” एवढंच. पण संचालकबाईंनी कपाटाच्या किल्लीसाठी कागदावर सही केली आणि समाजसेवेचं प्रकरण बाजूला ठेवलं.

मोस्कोसो म्हणाले, “करा शुक्रवारी. वाया घालवा एक सकाळ. पण शुक्रवारनंतर ही बाई माझ्या थिएटरात दिसता कामा नये. एक तर ती, नाहीतर मी.” संचालकबाईंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि मी मान डोलावली. मला वाटलं, आधी पोरीचं होऊ दे, एन्रिकेताचं नंतर बघू. नंतर कुणी काही बघत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

शुक्रवारी शेजारच्या पलंगावरच्या आईने सांगितलं, की बाल्बिनाने पहाटे काढ्याचा डबाच कचऱ्यात टाकला. पोर तिने थिएटरच्या दारात माझ्या हातात दिलं. शेजारी उभ्या असलेल्या एन्रिकेताशी एक शब्द बोलली नाही. तामियाने मात्र एन्रिकेताचं बोट धरलं, आणि आत ते धरूनच ती आडवी झाली.

पाणी थेंबाथेंबाने सुरू झालं. पाच मिनिटं. तामिया कोंबड्यांची नावं घेत होती. दहा. नावं चुकू लागली. मोस्कोसो हाताची घडी घालून उभे. पंधरा मिनिटांनी नाडी हळू पडत गेली. बहात्तर, अडुसष्ट, चौसष्ट. “हे बघा,” ते म्हणाले, “हेच मी म्हणत होतो. बंद करा.”

“औषधाचा स्वभाव आहे तो,” मी म्हणाले. “रक्तदाब चांगला आहे, रंग चांगला आहे. थांबा.” एवढं तरी बोलले.

एकोणीस मिनिटं. एन्रिकेता वाकलेली, कान तामियाच्या ओठांशी, बोट अजून तिच्या मुठीत. मशीनच्या टिकटिकीशिवाय खोलीत काही नव्हतं. बावीस. मग एक बारीक आवाज आला. चढला. गुळुक.

“आलं,” एन्रिकेता म्हणाली. “आलं घरचं. घाला नळी.”

मी नळी घातली. टाळूचा पडदा जागच्या जागी होता. भिंती उभ्या होत्या. तीन दिवसांपूर्वी याच भिंती मी ‘पूर्ण पडझड’ म्हणून लिहिल्या होत्या. खाली, जिभेच्या मुळाशी, मांसाचा एक गोळा होता. पोर श्वास ओढी, गोळा मागे सरके, झाकणाला दाबे, झाकण बसे. गुळुक. एन्रिकेताने तामियाची मान अलगद मागे केली. गोळा सुटला, हवा गेली. एकच जागा. ती बाई मला माझ्या खोलीत उभी राहून सांगत होती तीच.

मोस्कोसोंनी पडद्याकडे बघितलं आणि हातमोजे काढले. “बरं,” ते म्हणाले. “पुढचं पोर घ्या.”

गोळा आम्ही पुढच्या आठवड्यात काढला. गळ्याला कुणी हात लावला नाही. आणि सोमवारी एन्रिकेताच्या हातात लाँड्रीत बदलीचं पत्र पडलं. कारण लिहिलं होतं, ‘विभागाच्या शिस्तीस बाधक असे आवाज काढणे.’ हे वाक्य कुणी तरी बसून टाइप केलं, कुणी तरी त्यावर शिक्का मारला. मी संचालकबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “पण मार्गोत, तुम्ही मान डोलावली होती.” एन्रिकेताने पत्र वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि मका खात राहिली. “चादरी घोरत नाहीत,” एवढंच म्हणाली. त्यावर हसू की रडू ते मला कळलं नाही.

सप्टेंबरात ग्वायाकिलच्या परिषदेत मोस्कोसोंनी दोन्ही तपासण्यांच्या फिती शेजारी शेजारी दाखवल्या. डावीकडे पांढरं, उजवीकडे पाणी. ‘आमचा अनुभव.’ डाव्या फितीत सिरिंज कुणाच्या हातात होती, ते सांगितलं नाही. फितीचा आवाज बंद केला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हा माझा सगळा पराक्रम.

ऑक्टोबरात बाल्बिना तामियाला फेरतपासणीला घेऊन आली. दुपार होती. पोर बसच्या प्रवासाने थकून शालीत पाठीवर झोपलेली. मी बाल्बिनाला बसायलासुद्धा सांगितलं नाही, आधी तळघरात निरोप पाठवला. एन्रिकेता वर आली. हात साबणाने सोललेले, डोक्याला लाँड्रीची टोपी. बाल्बिनाला बघून दारातच थबकली. सात महिन्यांत त्या दोघी बोलल्या नव्हत्या.

बाल्बिनाने एन्रिकेताकडे पाठ फिरवली. मला क्षणभर राग आला, मग कळलं. पाठीवर पोर होतं. ती एन्रिकेताला पोर ऐकायला देत होती.

एन्रिकेताने टोपी काढली आणि वाकून तामियाच्या तोंडाशी कान नेला. बाल्बिना गुडघे किंचित मोडून, तिची उंची जुळेल अशी उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. एन्रिकेताचा जबडा हलत होता, सवयीने नक्कल जुळवू बघत होता, आणि पुन्हा मिटत होता. तामिया तोंड मिटून, नाकाने श्वास घेत झोपली होती.

“कसं आहे?” मी विचारलं. “काढून दाखवा ना.”

“काय काढू?” एन्रिकेता म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र रागाने फाटला होता. “काही नाहीच. ऐकूच येत नाही काही. आणि ह्या गळ्याला तुम्ही भोक पाडणार होतात.”

तुम्ही, म्हणाली ती. तिथे मोस्कोसो नव्हते, संचालकबाई नव्हत्या. खोलीत मीच होते.